ऑस्लर यांचा गौरवग्रंथ

निवृत्त होणाऱ्या किंवा सत्तरी गाठलेल्या प्राध्यापकाला सहकाऱ्यांनी संशोधनलेखांचा ग्रंथ अर्पण करण्याची प्रथा जर्मन विद्यापीठांत रूढ झाली. वैद्यकशिक्षणातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे सर विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांचा गौरव. मूळच्या कॅनडाच्या ऑस्लर यांनी माँट्रियलचे मॅकगिल, फिलाडेल्फियाचे पेनसिल्व्हेनिया, बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स आणि अखेर १९०५ पासून ऑक्सफर्ड अशा चार विद्यापीठांत अध्यापन केले. विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवणे, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. १८९२ चे त्यांचे वैद्यकावरील पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले.

जुलै १९१९ मध्ये, सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा सत्कार झाला. शिष्य व सहकाऱ्यांच्या लेखांचा दोन खंडांचा ग्रंथ त्यांना अर्पण करण्यात आला. अर्पण करणारे सर क्लिफर्ड ऑलबट हे केंब्रिजचे प्राध्यापक. डॉक्टरांना खिशात बाळगता येईल असा आखूड तापमापक त्यांनीच तयार केला होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ऑस्लर यांचे निधन झाले. त्यांचा दुर्मीळ वैद्यकीय ग्रंथसंग्रह मृत्युपत्रानुसार मॅकगिलला मिळाला आणि १९२९ मध्ये तेथे ऑस्लर ग्रंथालय सुरू झाले.