न्हाव्यानं नाही म्हटलं तेव्हा

दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर आधी आम्हा न्हाव्यांची गरज लागते, मग भटजींची. मुलाचं क्षौर झाल्याशिवाय पिंडाचं काम पुढं सरकत नाही. डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवायचं, शेंडीपुरते केस तेवढे ठेवायचे. साबण नाही, फेस नाही. माणूस पायरीवर उकिडवा बसतो, कृष्णेचं पाणी ओंजळीनं डोक्यावर मारायचं आणि वस्तरा कपाळाकडून मागं घ्यायचा. पिंडाला कावळा शिवेपर्यंत आमची धोकटी आवरलेली असते. पूर्वी हे बलुत्यात धरलेलं, सुगीला धान्य मिळायचं. आता घाटावरच मोबाइलवर पैसे येतात.

पण या धोकटीला एके काळी आणखी एक काम होतं. आमच्यातली म्हातारी माणसं त्याबद्दल बोलायचं टाळतात. ब्राह्मणाघरी, आणि त्यांचं बघून इतर काही घरांत, नवरा गेला की बाईला न्हाव्यापुढं बसवत. विधवेची वेणी नवऱ्याला परलोकात बांधून ठेवते, असं काशीखंडाचं म्हणणं. मग ती बाई बारा वर्षांची का असेना. लोकांना वाटतं, केशवपन म्हणजे एका दिवसाचा प्रकार. अहो, केस वाढतात! न्हावी पुन्हा पुन्हा यायचा, मागच्या दारानं. आलवण नेसलेली ती परसात मान खाली घालून बसायची. जन्मभर हेच. सवाष्णीला दिसू नये म्हणून त्याला मागचं दार, आणि त्याच कामाचे पैसे. त्या घरांत तिला कुणी शिवत नसे, पण परक्या पुरुषाचा हात डोक्याला लागलेला चालत असे. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांची सभा भरवली. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’ चालवणारे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी त्यांच्याच चळवळीनं मिळाली, तीही त्याच साली. सभेत न्हाव्यांनी ठरवलं, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. बातमी पार लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत गेली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ याच सुमारास ‘करमणूक’मधून येऊ लागली. तिच्यातल्या यमूचं केशवपन वाचून शिकलेली माणसं हळहळली. न्हावी मात्र बहुतेक अडाणी होते, आणि नाही म्हणण्यात त्यांचंच उत्पन्न बुडत होतं.

न्हाव्यांच्या या संपानं चाल एका फटक्यात बंद पडली, असं मी म्हणणार नाही. पुढं कित्येक वर्षं केस उतरवलेल्या सोवळ्या बायका घरोघरी होत्या. मुलींच्या शाळा, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण या रूढीला घराबाहेरचा माणूस लागत होता, म्हणून बाहेरच्या माणसाला ती अडवता आली.

बांगड्या फोडायला कुठला बलुतेदार लागतो? कुंकू पुसायला, मंगळसूत्र तोडायला, जोडवी काढायला घरातल्याच बाया पुढं येतात, बहुतेक वेळा ज्यांचं स्वतःचं कपाळ आधीच पुसलेलं आहे त्याच. तिथं संप कुणी करायचा? केशवपन गेलं तरी हे टिकलं, आणि सगळ्या जातींत टिकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला 4 मे 2022 रोजी याविरुद्ध ठराव करावा लागला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं.

पावसाळ्यात माहुलीला बापाच्या दहाव्याला एका कॉलेजातल्या पोरीनं जोडवी काढायला आईच्या पायाला कुणाला हात लावू दिला नाही. आत्या चिडली, “अगं, रीत आहे, लोक काय म्हणतील?” पोर हटेना. सगळे भटजींकडं बघायला लागले. ते म्हणाले, “माझ्या पोथीत जोडव्यांचं काही नाही. ऊन चढलंय, पिंडाचं आटपा.”