औंधचे नमस्कार

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माणदेशाच्या कोरड्या मुलखाच्या तोंडाशी, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला वसलेले औंध हे गाव आजच्या प्रवाशाला ठाऊक असते ते तेथील श्रीभवानी संग्रहालयामुळे आणि फारच झाले तर यमाईच्या यात्रेमुळे. परंतु ज्या काळी हे गाव सुमारे बहात्तर खेड्यांच्या एका संस्थानाची राजधानी होते, आणि ती खेडी इंग्रजी अंमलाखालील मुलखात इतस्ततः अशी विखुरलेली होती की एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जाणाऱ्या कारकुनाला वाटेत दोनदा सरकार बदलल्याचा अनुभव यावा, त्या काळी औंधचे नाव निघाले की लोकांच्या तोंडी पाठोपाठ नमस्कार हा शब्द येत असे. संस्थानिकांची कीर्ती शिकारीवर, घोड्यांवर किंवा विलायतेच्या वाऱ्यांवर पोसली जात असताना एका राजाचे नाव साष्टांग नमस्कारावरून व्हावे, ही गोष्ट मौजेची खरी. पण तिच्यामागचा इतिहास मौजेपुरता नाही.

सूर्याला नमस्कार घालण्याची चाल अर्थातच औंधच्या कितीतरी आधीची आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या अखेरीस तीन ऋचा आहेत; उगवत्या सूर्याने हृदयाची व्याधी आणि अंगाचा पिवळेपणा दूर करावा अशी त्यांत प्रार्थना आहे, आणि या ऋचांची योजना करून घालावयाच्या नमस्कारांना याज्ञिक मंडळी तृचाकल्प नमस्कार म्हणतात. समर्थ रामदासांनी टाकळीस असताना रोज बाराशे नमस्कार घातले, असे परंपरा सांगते. तो आकडा इतिहासाच्या काट्यावर तोलण्याचे कारण नाही, मात्र बलोपासना आणि देवोपासना या दोहोंचा मिलाफ महाराष्ट्राच्या मनात किती खोल रुजला होता याची ती साक्ष आहे. दुसऱ्या बाजूला नमस्कार ही अनुष्ठानाची बाबही झाली होती. घरच्या यजमानास व्याधी जडली की त्याच्या वतीने भटजींनी संकल्प सोडून ठरलेल्या संख्येने नमस्कार घालावेत, दक्षिणा घ्यावी आणि पुण्य यजमानाच्या खाती जमा व्हावे, हा व्यवहार त्या काळच्या समाजाला खटकणारा नव्हता. घाम एकाचा आणि आरोग्य दुसऱ्याचे, अशी ही वाटणी होती.

हठयोग्यांचे मत तर आणखीच निराळे. हठप्रदीपिकेवर ‘ज्योत्स्ना’ नावाची टीका लिहिणारे एकोणिसाव्या शतकातील ब्रह्मानंद, साधकाने वर्ज्य करावयाच्या कायाक्लेशांची उदाहरणे देताना, फार ओझी वाहणे आणि फार सूर्यनमस्कार घालणे यांना एकाच पंक्तीस बसवतात. जगभरच्या योगवर्गांचा आरंभ आज ज्या क्रियेने होतो, ती एका मान्यवर टीकाकाराने अशी बाजूस काढली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे औंधात काय घडले याचे मोल कळते.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेले हे गृहस्थ चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी म्हणून एक लाख रुपयांचे साह्य देऊ करणारे विद्याप्रेमीही होते. नमस्कारांचा संस्कार घरचाच. तरीही तरुणपणी त्यांचा ओढा होता तो युजेन सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीकडे. १८९७ साली त्यांनी सँडोची पुस्तके व साहित्य मागवले आणि दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. स्नायूंना आकार आला, पण ती पद्धत अंगाचा एकेक भाग सुटा काढून त्यावर मेहनत घेणारी; श्वास, वाणी आणि मन यांना तीत विशेष काम नाही. १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आग्रहावरून ते पुन्हा नमस्कारांकडे वळले, आणि पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, गादीवर आले. एका संस्थानिकाने दुसऱ्याला दिलेल्या मित्रत्वाच्या सल्ल्याचे पर्यवसान थोड्याच वर्षांत सार्वजनिक धोरणात झाले.

राजांनी प्रत्यक्षात काय केले, हे समजण्यासाठी एक नमस्कार जवळून पाहिला पाहिजे. त्यांच्या पद्धतीत दहा अवस्था आहेत. प्रथम पाय जुळवून, हात छातीशी जोडून ताठ उभे राहावयाचे आणि श्वास भरून घ्यावयाचा. मग गुडघे न वाकवता खाली झुकून दोन्ही तळहात जमिनीवर टेकावयाचे. एक पाय मागे, मग दुसरा मागे, असे करीत सर्व देह तळहात आणि चवडे यांवर तोलावयाचा. त्यानंतर कपाळ, छाती व गुडघे जमिनीस लावावयाचे, पोट मात्र आत ओढून अधर ठेवावयाचे. पुढे छाती काढून मान मागे न्यावयाची, कंबर उचलून हनुवटी छातीस भिडवावयाची, आणि आलेल्या क्रमानेच एकेक पाय पुढे घेऊन परत उभे राहावयाचे. एकदा टेकलेले तळहात शेवटपर्यंत जागचे हलता कामा नयेत, हा कटाक्ष. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या नियमातच सारी खुबी साठवलेली आहे. कारण हात स्थिर राहिले म्हणजे पाठीचा कणा, कंबर, खांदे आणि मांड्या यांना ठरल्या अंतरातच सगळे वळण घ्यावे लागते, कणा एकदा पुढे आणि एकदा मागे असा आळीपाळीने वाकतो, आणि कोणत्याही एका सांध्यास चुकारपणा करण्यास वाव उरत नाही. झुकताना पोट दबते व श्वास आपसूक बाहेर पडतो, छाती खुलताना तो आत येतो. श्वासाला वेगळे शिकवावे लागत नाही, गती बेताची ठेवली की तो हालचालीशी जुळवून घेतो.

साष्टांग प्रणामाची जी आठ अंगे आपल्याकडे सांगितली आहेत, त्यांत छाती, मस्तक, पाय, हात व गुडघे ही पाच देहाची, आणि उरलेली तीन दृष्टी, वाणी व मन ही आहेत. राजांनी ही तीन अंगे सोडली नाहीत. प्रत्येक नमस्कारापूर्वी ह्रां, ह्रीं, ह्रूं इत्यादी बीजाक्षरे आणि मित्र, रवि, भानू, पूषन्, भास्कर अशा बारा नामांपैकी एकेक नाम उच्चारावयाचे. आणि या दीर्घ, घुमणाऱ्या उच्चारांचा कंठ, छाती व उदर यांवर प्रत्यक्ष शारीरिक परिणाम होतो असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांतील शरीरशास्त्र आजच्या वैद्याला सर्वस्वी मान्य होईल असे नाही. तथापि लांब उच्चार म्हणजे लांब निःश्वास, आणि दर नमस्कारागणिक घेतलेला असा निःश्वास धांदल आवरतो व विखुरलेले चित्त हातातल्या कामावर आणतो, एवढे तर नमस्कार घालणारा कोणीही सांगेल. माझ्या मते राजांच्या पद्धतीचा खरा लाभ येथेच आहे. दंडबैठका काढूनही दंड भरतात, पण तालमीत मनाला अशी हजेरी लावावी लागत नाही.

आणि हजेरीचा प्रश्न औंधात शब्दशः होताच. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले. मुलांनी, मुलींनी आणि मास्तरांनीही ते घालावयाचे. राजघराण्यातील स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत, किंबहुना स्त्रियांनी नमस्कार घालावेत याविषयी राजांचा विशेष आग्रह होता. त्या काळच्या सोवळ्या समाजात ही लहानसहान गोष्ट नव्हती. साहित्य लागत नाही, खर्च नाही, खोलीचा एक कोपरा पुरतो आणि सारे कुटुंब एकत्र व्यायाम करू शकते, ही त्यांची बाजू बिनतोड होती. परंतु हुजूरच्या मर्जीने चालणाऱ्या व्यायामात किती जण भक्तीने वाकत आणि किती जण भीतीने, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. याच औंधात १९१८ च्या सुमारास येऊन राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मात्र सक्तीवाचूनचे उदाहरण म्हणता येईल. वेदाध्ययनाला व्यायामाची जोड देणारे हे चित्रकार-पंडित शंभरी ओलांडून १९६८ साली निवर्तले. त्यांच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय नमस्कारांना देण्याचा मोह औंधकरांना होतो, तो क्षम्य आहे.

पुस्तकांनी हा विषय संस्थानच्या सीमेपलीकडे नेला. १९२८ साली राजांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ मध्ये ते विलायतेस गेले असता लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली, आणि साठी उलटून गेलेल्या या गृहस्थाचा तजेला पाहून त्यांचे कुतूहल इतके वाढले की १९३८ मध्ये लंडनला ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक त्यांच्याच संपादनाखाली प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर आरोग्य पुढे आले आणि सूर्य उपशीर्षकात गेला. याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णमाचार्यांची योगशाळा चालू होती आणि तेथे सूर्यनमस्कारांचे वर्ग वेगळे भरत. पुढे त्यांच्या शिष्यपरंपरेत आसने व नमस्कार यांची सरमिसळ झाली, अवस्था बदलल्या, कोठे त्यांची संख्या बारा झाली आणि टेकलेल्या हातांचा जुना कटाक्षही सर्वत्र सारखा राहिला नाही.

औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९५१ मध्ये राजे वारले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी हिंडले व १९७० मध्ये त्यांनीही नमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. इकडे महाराष्ट्रात रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर सामुदायिक नमस्कार होतात, आकडे पुकारले जातात, कोणी एकशे आठ घालतो तर कोणी हजारांचा संकल्प सोडतो. संख्येचा हा सोस लावण्यात राजांचाही वाटा होताच, कारण वयोमानाप्रमाणे संख्या चढवीत नेण्याचा उपदेश ते स्वतःच करीत. पण घाईने घातलेल्या शंभरांत मनगटे आणि कंबर दुखावण्याचाच संभव अधिक. ज्याची पाठ आधीच धरलेली आहे त्याने तर वैद्याला विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये. नवख्याने बारा नामांचे बारा नमस्कार, उच्चार पुरता संपल्यावरच हालचाल सुरू करून, सावकाश घालावेत. तेवढ्यानेही अंगाला घाम येतो.