ग़ूल: वाळवंटातून मोबाइलच्या पडद्यावर

मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात एका पोराने विचारले, "सर, ग़ूल हा आपला लफ़्ज़ आहे का?" 'फॉलआउट' नावाचा खेळ दुसरे कुणी खेळत असतानाचे व्हिडिओ तो मोबाइलवर पाहतो. त्यात सडलेल्या कातडीचे, धावत अंगावर येणारे राक्षस आहेत. त्यांना ग़ूल म्हणतात.

मी म्हणालो, शब्द अरबीच आहे. पण त्या शब्दाने फार लांबचा प्रवास केला आहे. त्या प्रवासात त्याचा चेहरा बदलला, तो का बदलला हे आपण समजून घ्यायला हवे.

फॉलआउटचा पहिला भाग १९९७ साली आला. २००८ च्या तिसऱ्या भागापासून हा खेळ खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसू लागला: समोर ओसाड रस्ता आणि आपल्या हातातली बंदूक. अणुयुद्ध होऊन गेले आहे आणि किरणोत्साराने ज्यांचे शरीर झडले पण जीव गेला नाही, ती माणसे म्हणजे ग़ूल. त्यातल्या काहींची बुद्धी गेली आहे, ती दिसेल त्याच्यावर झडप घालतात. बाकीचे मात्र शहाणेसुरते आहेत. ते बोलतात, दुकान चालवतात, जुन्या दिवसांच्या आठवणी काढतात. दुरून मात्र दोघे सारखेच दिसतात.

मूळचा अरबी ग़ूल असा नव्हता. तो वाळवंटात राही, रूप बदली आणि एकट्या वाटसरूला भुलवून रस्ता चुकवी. आपल्याकडे रात्री शेतातून येताना माणूस फिरून फिरून त्याच बांधावर आला की "चकवा लागला" म्हणतात. ग़ूल म्हणजे अरबांचा चकवा. उर्दूत 'ग़ूल-ए-बयाबानी' हा शब्द याच अर्थाने आला. ग़ूल कोणतेही रूप घेई, पण पाय मात्र गाढवाचेच राहत, असे अरब सांगत. आपल्या गावाकडचे भूतही उलट्या पायांवरून ओळखतात. भीती कुठलीही असो, माणसाला ओळखण्याची एखादी खूण हवीच असते.

इस्लाम आला तेव्हा ही भीती अरबस्तानात मुरलेली होती. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये ग़ूलचा साफ इन्कार आहे. काही आलिमांनी त्याचा अर्थ 'असे काही नसतेच' असा घेतला, तर काहींनी 'कुणाची वाट चुकवण्याची ताकद त्याच्यात नाही' असा.

पुढे बसऱ्याच्या अल-जाहिज़ने 'किताब अल-हयवान'मध्ये आपले उस्ताद अन-नज़्ज़ाम यांचे म्हणणे नोंदवले. त्याचा आशय असा, की उजाड प्रदेशात माणूस फार दिवस एकटा राहिला की त्याला लहान वस्तू मोठी दिसू लागते आणि नसलेले ऐकू येते. मग तो त्यावर कविता रचतो, पोरे ती ऐकत मोठी होतात आणि त्यांनाही तेच दिसते. हा नवव्या शतकातला विचार आहे.

अल-मसऊदीनेही 'मुरूज अज़-ज़हब'मध्ये ग़ूलच्या कथा नोंदवल्या आणि अशा भासांमागे एकटेपणा व भीती असल्याचे मत दिले. हा मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, आपल्या कोकणात चौलला आला होता. तेव्हाचे नाव सैमूर. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ग़ूलची चिकित्सा करणारा माणूस अकराशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फिरून गेला, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

मग ग़ूल कबरीत कसा गेला? फ्रेंच विद्वान आंत्वान गालाँ याने १७०४ ते १७१७ या काळात 'अलिफ लैला' फ्रेंचमध्ये आणली. त्यातल्या सीदी नूमानच्या गोष्टीत, जेवताना तांदळाचा एकेक दाणा टिपणारी बायको रात्री कब्रस्तानात ग़ूलसोबत प्रेत खाताना दिसते. प्रेत उकरून खाणे ही भर गालाँचीच असावी, असे काही अभ्यासक मानतात. पुढे १७८६ साली विल्यम बेकफर्डच्या 'वाथेक' कादंबरीतून हा शब्द इंग्रजीत आला, तो कब्रस्तानाचा वास घेऊनच. खेळातला सडका ग़ूल त्याच घराण्यातला. वाट चुकवणारा गेला, मुडदा उरला.

पण त्याच खेळात एक प्रसंग आहे. टेनपेनी टॉवर नावाची श्रीमंतांची उंच इमारत. तिच्या फाटकाबाहेर एक ग़ूल स्पीकरवर विनवतो आहे, पैसे देतो, राहायला जागा द्या. आतून नकार येतो. तिढा सोडवायचा कसा, हे खेळणाऱ्याच्या हातात. समेट घडवला तरी पुढे त्या ग़ूलच्याच हातून रक्त सांडते. म्हणजे खेळाने कुणालाच धुतल्या तांदळासारखे ठेवलेले नाही.

तो फाटकावरचा संवाद ऐकून मला माझे बी.एड.चे वर्ष आठवले. शहरात खोली शोधत होतो. फोनवर भाडे ठरले, पाणी किती वाजता येते तेही कळले. शेवटी त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. क्षणभर शांतता, आणि मग "खोली कालच गेली हो." त्या गृहस्थांनी मला पाहिलेही नव्हते. ते वाईट होते असे मी आजही म्हणत नाही. त्यांनी कुठल्या तरी गोष्टी ऐकल्या असतील, जाहिज़च्या वाळवंटातल्या पोरांसारख्या. तसाच ग़ूल आपणही कुणाकुणाचा करतो, हेही कबूल करायला हवे.

त्या दिवशी मी फळ्यावर शब्द लिहिला: ग़ैन, वाव, लाम. पेश दिला की 'ग़ूल', राक्षस. पेश न देता याच तीन अक्षरांचा 'ग़ोल' होतो, म्हणजे लोकांचा जथा. मुले हसली. मी म्हणालो, पेश बहुतेक वेळा छापलेला नसतो. समोर राक्षस आहे की माणसे, हे मागचे-पुढचे वाचूनच ठरवावे लागते.

बंदूक हातात असली की मागचे-पुढचे वाचायला वेळ मिळत नाही.