पंतप्रधानांची रोव्हर आणि तिच्या नावाची फरपट

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, कुठेही जुन्या विलायती मोटारींचा विषय निघाला की गप्पा रोल्स-रॉईसवरच जातात. आज तिच्यापेक्षा एक पायरी खालच्या, पण मानाला कमी नसलेल्या गाडीबद्दल लिहितो : रोव्हर पी-फाइव्ह.

ही गाडी १९५८ साली आली. बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहलच्या कारखान्यात ती बनायची. रूप डेव्हिड बाख यांनी दिलेलं. आधीच्या पी-फोर रोव्हरला इंग्लंडात लोक लाडाने ‘आंटी’ म्हणत, म्हणजे आपली आत्याच म्हणा ना. तोच घरंदाज स्वभाव हिच्यातही उतरला. आत लाकूड आणि कातडं, डॅशबोर्डखाली हत्यारांचा छोटा खण. डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर अशा माणसांची ही गाडी. श्रीमंती आहे, पण मिरवायची नाही!

एकच उणीव होती. गाडी वजनदार आणि तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन जुन्या धाटणीचं. इलाज सापडला तो थेट अमेरिकेत. ब्यूकने ॲल्युमिनियमचं हलकं व्ही-एट इंजिन काढलं होतं. पण ते बनवणं महाग पडतं म्हणून १९६३ नंतर सोडून दिलं. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. १९६७ पासून हे साडेतीन लिटरचं इंजिन बसलेली गाडी पी-फाइव्ह-बी झाली. ‘बी’ म्हणजे ब्यूक. दुसऱ्याने टाकलेल्या इंजिनाने हिला नवा जन्म दिला, आणि पुढे १९७० च्या रेंज रोव्हरलाही तेच लागलं.

मग ही सरकारची लाडकी झाली. हॅरॉल्ड विल्सन पाइप ओढायचे, म्हणून त्यांच्या गाडीत खास ॲशट्रे होता. राणी एलिझाबेथही ही गाडी स्वतः चालवायच्या. १९७३ मध्ये उत्पादन थांबलं, तेव्हा सरकारने शेवटच्या काही गाड्या घेऊन चक्क साठवून ठेवल्या आणि लागतील तशा बाहेर काढल्या. ४ मे १९७९ ला मार्गारेट थॅचर पंतप्रधान म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर उतरल्या त्या हिच्यातूनच. बंद होऊन सहा वर्षं झालेली गाडी, पण तिच्या तोडीची दुसरी मिळाली नव्हती.

तोवर कंपनीचे हाल सुरू झाले होते. १९६७ मध्ये ती लेलँडच्या ताब्यात गेली, १९७५ मध्ये सगळा समूह सरकारने घेतला, १९९४ मध्ये मालक झाली जर्मन बीएमडब्ल्यू. २००० साली त्यांनी लँड रोव्हर फोर्डला विकली आणि मोटारींचा धंदा फक्त १० पौंडांना दुसऱ्यांच्या गळ्यात घातला. २००५ मध्ये तोही बुडाला, हजारो कामगार घरी बसले. ज्या कारागिरीवर पंतप्रधान विसंबायचे, तिची ही किंमत.

नाव मात्र उरलं. ते आधी फोर्डने घेतलं आणि २००८ साली जग्वार-लँड रोव्हरसोबत टाटा मोटर्सकडे आलं. आज ‘रोव्हर’ या नावाची मालकी मुंबईच्या बॉम्बे हाऊसपर्यंत पोहोचते, आणि सॉलिहलच्या त्याच कारखान्यात अजून रेंज रोव्हर बनते.

वाडा जातो, नाव राहतं, हे आपल्यासारख्या गाव सोडून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये अशी एखादी रोव्हर उभी असेल तर फोटो जरूर टाका.