पत्त्यांच्या वहीतली प्रश्नचिन्हं

मंडळी, आज विषय जरा रुक्ष वाटेल, पण आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी भोवलेला आहे. कॉम्प्युटर बदलला, मेलचा प्रोग्राम बदलला, नाहीतर नोकरी बदलली, आणि पत्त्यांची वही उघडून पाहिली तर नावांच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं! 'हे कसलं भूत?' असं म्हणून आपण चरफडतो. पण या प्रश्नचिन्हांना चांगला पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या मराठीचाही एक कोपरा आहे. तोच आज सांगायचा आहे.

ईमेलच्या पत्त्यांची सुरुवातीची मोठी वही चक्क कागदी होती हे सांगितलं तर पटेल का? १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी '@' हे चिन्ह वापरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवलं. त्यानंतर अमेरिकेतल्या अर्पानेटवर माणसं वाढत गेली, तशी कोण कुठे आहे ते लिहून ठेवायची गरज पडली. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ही यादी ठेवत, आणि ती टेलिफोन डिरेक्टरीसारखी छापून वाटली जाई. पुढे १९७८ मध्ये कर्ट शोएन्स यांनी बर्कलेच्या युनिक्ससाठी मेलचा प्रोग्राम लिहिला. त्यात एका साध्या फाइलीत टोपणनाव आणि त्यापुढे पत्ता अशी ओळ लिहून ठेवता येई. झाली वही तयार! बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. फाइल उघडा, वाचा, हातानं दुरुस्त करा.

पर्सनल कॉम्प्युटरवर हाच साधेपणा काही काळ टिकला. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'युडोरा' लिहिलं (हे नाव युडोरा वेल्टी या लेखिकेवरून आलं), त्यात पत्त्यांना 'टोपणनावं' असंच म्हणत आणि ती साध्या मजकुराच्या फाइलीत असत. नंतर मात्र प्रत्येक कंपनीनं आपापली पेटी बनवली आणि तिला आपापलं कुलूप लावलं. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक एक्सप्रेसची वही 'डब्ल्यूएबी' या शेपटीच्या फाइलीत असे. नेटस्केपच्या घरातून आलेली, आणि पुढे थंडरबर्डनं वापरलेली वही 'मॉर्क' नावाच्या रचनेत असे. ती दिसायला मजकूर असली तरी वाचायला इतकी किचकट की ती वाचण्याचा प्रयत्न केलेले प्रोग्रामर तिच्या नावानं बोटं मोडत. थंडरबर्डनं ती सोडून नेहमीच्या डेटाबेसचा रस्ता धरला तो थेट २०२० साली.

त्यातच आउटलुकची एक गंमत होती. 'टू'च्या चौकटीत दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण पत्ता खाली उमटे. लोकांना वाटे, हा वहीतून येतो. प्रत्यक्षात २००७ पर्यंतच्या आउटलुकमध्ये ही यादी 'एनके२' नावाच्या वेगळ्या, लपवलेल्या फाइलीत असे. नव्या कॉम्प्युटरवर वही आली तरी ही यादी मागेच राही. मग 'माझे निम्मे पत्ते गायब झाले' अशी ओरड! गायब काहीच झालेलं नसे, ते वहीत कधी आलेलेच नसत. २०१० च्या आवृत्तीपासून ही यादी मेलबॉक्समध्येच राहू लागली आणि ती कटकट बरीच कमी झाली.

वही किती मोलाची असते हे चोरांना आपल्या आधी कळलं होतं. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' व्हायरस आला, तो आउटलुकच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत असे. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू'नं तर अख्खी वहीच वापरली. मग काही दिवसांनी एक निरोप फिरायला लागला : 'वहीच्या सुरुवातीला शून्यांचा एक खोटा पत्ता घालून ठेवा, व्हायरस तिथेच अडकेल.' आठवतंय? ते तंत्र म्हणजे दाराला लिंबू-मिरची टांगण्यासारखंच. बहुतेक व्हायरस एका चुकीच्या पत्त्यानं अडत नसत.

आता प्रश्नचिन्हांकडे येऊ.

मी राहतो तो अल मलाझ हा रियाधचा जुना भाग. १९५० च्या दशकात सौदी सरकारची मंत्रालयं मक्केहून रियाधला आली, तेव्हा सरकारी नोकरांसाठी ही वस्ती आखून बांधली गेली आणि तिला त्या वेळी 'नवं रियाध' म्हणत. आज इथे आपल्याकडची, पाकिस्तानातली, इजिप्तची, सुदानची कितीतरी माणसं राहतात. या शहरात पत्ता ही गोष्टच मुळी उशिरा आली. बरीच वर्षं टपाल घरी येत नसे, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येई. घर सांगायचं तर 'अमुक मशिदीच्या मागे, तमुक बेकरीच्या समोर'. आता इमारतीला चार आकडी नंबर, पाच आकडी पिनकोड असा 'राष्ट्रीय पत्ता' असतो. म्हणजे इथल्या जुन्या माणसांचा सगळ्यांत पक्का पत्ता कोणता, तर ईमेलचा! घर बदलतं, कंपनी बदलते, देश सोडला की मोबाइल नंबरही जातो. ईमेल तेवढं राहतं.

माझ्या शेजारी एक मराठी काका राहत. अठ्ठावीस वर्षं आखातात काढून त्यांचं 'फायनल एक्झिट' लागलं. (आखातातल्या मंडळींना या दोन शब्दांचं वजन वेगळं सांगायला नको. कायमचं परत जाण्याचा शिक्का.) लॅपटॉप कंपनीला परत करायचा होता, म्हणून त्यांनी मेलच्या प्रोग्राममधून पत्त्यांची वही सीएसव्ही फाइलीत काढून पेनड्राइव्हवर घेतली. घरी उघडून पाहिली तर तीनशेच्या वर ओळी, पत्ते सगळे जागच्या जागी, पण नावांच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं. काकांनी हौसेनं सगळी नावं मराठीत लिहिली होती. 'दम्मामचा बंडू', 'पेणचे मामा', 'जुबैलचे डॉक्टर', अशी.

"अरे, पत्ते आहेत पण माणसं गेली की रे!" काका म्हणाले.

खरंच होतं ते. पत्त्यांवरून काय कळणार? कुणी पत्त्यात गाडीचा नंबर घातलेला, कुणी जन्मसाल, कुणी नुसतंच 'स्वीट बॉय'.

"काका, लॅपटॉप अजून परत केला नाही ना तुम्ही?" मी विचारलं.

"नाही, रविवारी द्यायचाय."

"मग माणसं गेली नाहीत. फक्त दारातून बाहेर पडताना अडकली आहेत."

गंमत अशी, की त्याच वहीत अरबी लिपीत लिहिलेली चार-पाच नावं होती आणि ती सीएसव्हीत शाबूत होती! अरबी नीट आलं आणि मराठीच का बुडालं? इथे इतिहास येतो.

जुन्या विंडोजमध्ये एका वेळी चिन्हांचा एक ठरावीक तक्ता चाले. त्याला 'कोड पेज' म्हणतात. पश्चिम युरोपसाठी १२५२ नंबरचा, अरबीसाठी १२५६ नंबरचा. देवनागरीसाठी असा तक्ता विंडोजनं कधी सुरूच केला नाही. म्हणजे आपल्याकडे प्रमाण नव्हतं असं नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण जाहीरही झालं. पण बाजारातल्या विंडोजवर मराठी आली ती फॉन्टच्या रूपानं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे कितीतरी फॉन्ट होते. त्यातल्या अनेकांत आत रोमन अक्षरांचेच नंबर असत, फक्त वरचा मुखवटा मराठीचा. पत्रात फॉन्ट निवडता येई, पण वहीतल्या नावाच्या चौकटीला फॉन्ट कोण लावणार? म्हणून नावं रोमनमध्येच राहिली आणि वैद्य 'व्ही'खाली शोधायचे की 'डब्ल्यू'खाली, हा घोळ चालू राहिला.

विंडोजमध्ये देवनागरी खऱ्या अर्थानं आली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसोबत, आणि ती थेट युनिकोडमध्ये. मधली कोड पेजची पायरी आपण चढलोच नाही. एका परीनं हे बरंच झालं. पण जुने प्रोग्राम बाहेर फाइल काढताना अजून त्या जुन्या तक्त्यातूनच जात. आत वही युनिकोडमध्ये, म्हणून पडद्यावर 'पेणचे मामा' व्यवस्थित दिसत. बाहेर पडताना प्रोग्राम प्रत्येक अक्षर त्या मशीनच्या तक्त्यात शोधी. इथल्या मशीनवर तक्ता अरबी, म्हणून अरबी नाव पास. मराठी अक्षर तक्त्यात नाही, तर लाव प्रश्नचिन्ह आणि पुढे चल! पुढे थंडरबर्डमध्ये सीएसव्हीचे दोन वेगळे पर्याय आले, एक 'सिस्टिमच्या तक्त्यातला' आणि एक यूटीएफ-८ मधला. त्या दोन ओळींत हा सगळा इतिहास आहे.

काकांच्या बाबतीत उपाय त्याच प्रोग्रामच्या यादीत दोन ओळी खाली होता : 'एलडीआयएफ'. ही रचना मोठ्या संस्थांच्या डिरेक्टरींसाठी बनली आणि २००० साली तिचं प्रमाण जाहीर झालं. तिची युक्ती साधी आहे. नावात रोमनबाहेरचं अक्षर असेल तर ते आधी यूटीएफ-८ मध्ये घ्यायचं आणि मग साध्या रोमन अक्षर-आकड्यांत गुंडाळायचं. प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, त्यांची चार रोमन अक्षरं. फाइल डोळ्यांनी वाचली तर काही कळत नाही, पण कुठल्याही तक्त्यातून ती धक्का न लागता पार होते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडली आणि दम्मामच्या बंडूपासून सगळे हजर झाले. काकांनी एकेक नाव वाचलं. मधूनच थांबत, 'हा गेला गेल्या वर्षी' असं म्हणत, पण तीही नावं पुसू नकोस म्हणाले.

असो. वहीत आणखी एक अडचण आहे, ती नावाच्या तुकड्यांची. १९९६ च्या 'व्हीकार्ड' प्रमाणात नावाचे पाच भाग असतात : आडनाव, नाव, मधलं नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. मराठी माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव त्यात कसंबसं बसतं. इथल्या अरबी नावांत 'बिन' आणि 'अल' कुठल्या रकान्यात घालायचं यावर ऑफिसात वाद होतात. आणि 'पेणचे मामा' यात आडनाव कोणतं? शेवटी २०११ च्या व्हीकार्ड ४.० मध्ये शहाणपण आलं : पूर्ण नाव सक्तीचं, तुकडे ऐच्छिक, आणि मजकूर फक्त यूटीएफ-८ मध्ये. (अरबीत 'प' नाही, म्हणून इथल्या कागदपत्रांत आपले पाटील 'बातील' होतात. त्यावर मात्र कुठलंच प्रमाण चालत नाही!)

आता कामाचं. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या वहीतली नावं बिघडली तर आधी बिघाड नीट बघा.

चौकोनी डबे दिसत असतील तर बहुधा काहीच हरवलेलं नाही, त्या मशीनवर मराठी फॉन्ट तेवढा नाही.

टोपी-मात्रा घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुतेक शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्यातून वाचला जातोय. एक्सेलमध्ये सीएसव्हीवर नुसतं डबल-क्लिक केलं की बऱ्याचदा हे होतं. फाइल तशीच बंद करा, 'सेव्ह' म्हणू नका आणि आयात करताना यूटीएफ-८ निवडा.

प्रश्नचिन्हं असतील तर त्या फाइलीत नावं उरलेली नाहीत. तिच्यावर कितीही डोकं आपटलं तरी ती परत येणार नाहीत. मूळ वहीकडे जा आणि दुसऱ्या रचनेत काढा : एलडीआयएफ, व्हीकार्ड किंवा यूटीएफ-८ मधली सीएसव्ही.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. नवी प्रत उघडून, त्यातली दहा नावं डोळ्यांनी वाचून पाहिल्याशिवाय जुना कॉम्प्युटर देऊ नका, विकू नका, पुसू नका. गावी आई-वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर कुठल्यातरी कोपऱ्यात अशी एखादी वही अजून पडलेली असेल. तीत कदाचित अशी माणसं असतील ज्यांचा दुसरा कुठलाच पत्ता तुमच्याकडे नाही. पुढच्या सुट्टीत कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एकदा तो चालू करून बघा.