मिरजेची गायनविद्या आणि छापील मासिकें

गायन ही गुरुमुखानें शिकावयाची विद्या आहे, हें आपल्याकडे इतक्या वेळां सांगितलें गेलें आहे कीं, याच विद्येच्या शिक्षणासाठीं मासिकें काढण्याची खटपट मिरजेशीं नातें असलेल्या गायकांनीं तीन पिढ्या केली, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत संगीताचे वर्ग पडद्यावर भरूं लागले, आणि शिकलेलें विद्यार्थ्यांनीं लिहून काढावें, तें सर्वांस वाचावयास मिळावें, अशी एक नवी युक्ति म्हणून चर्चा सुरू झाली. ती युक्ति नवी नाहीं. तिचे गुण आणि तिच्या मर्यादा मिरजेच्या इतिहासांत आधींच दिसून चुकल्या आहेत.

पहिला प्रयत्न बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा. बुवांचा काळ १८४९ ते १९२६. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविण्याचें श्रेय मुख्यतः त्यांना दिलें जातें. ही विद्या त्यांनीं वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून, गुरुसेवा करून संपादन केली होती. अशा रीतीनें शिकलेल्या माणसाला छापील कागदाविषयीं आस्था वाटण्याचें कारण नव्हतें. तरी मुंबईंत असतांना त्यांनीं गायन समाज स्थापिला आणि ‘संगीतदर्पण’ नांवाचें मासिक चालविलें. पुढें दम्याच्या विकारानें त्यांना मुंबई सोडावी लागली. मासिक थांबलें आणि बुवा मिरज संस्थानच्या आश्रयास आले. रोग गायकाचा आणि मृत्यु मासिकाचा, असा हा योग!

मिरजेंत बुवांजवळ जो विद्यार्थी आला, तो डोळ्यांच्या दुखण्यानें आला होता. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत त्यांची दृष्टि अधू झाली व उपचारासाठीं त्यांना मिरजेस आणण्यांत आलें. डोळ्यांस फारसा गुण आला नाहीं. तेव्हां डॉक्टरांनीं गाणें शिकण्याचा सल्ला दिला आणि मिरजेचे अधिपति बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें त्यांचें शिक्षण बुवांकडे सुरू झालें. पुस्तकी विद्या डोळ्यांअभावीं ज्याला सोडावी लागली, त्यानेंच पुढें गायनाला पुस्तकांत आणलें. १८९६ सालीं पलुसकरांनीं मिरज सोडली.

५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरांत गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. संस्थानिकाच्या मर्जीऐवजीं लोकाश्रयावर चालणारें, ठराविक अभ्यासक्रम व परीक्षा असलेलें हें विद्यालय म्हणजे गायनाच्या शिक्षणांतली मोठीच उलथापालथ होती. गुरूच्या घरीं दोन-चार शिष्य राहत, त्यांना अक्षराची गरज नसे. वर्गांत तीस विद्यार्थी बसले कीं अक्षरावांचून चालत नाहीं. म्हणून पलुसकरांनीं आपली स्वरलिपि तयार केली, ‘संगीत बालबोध’, ‘संगीत बालप्रकाश’ यांसारखीं क्रमिक पुस्तकें लिहिलीं, आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हें मासिक काढलें. विद्यालय सोडून दूर गांवीं गेलेला विद्यार्थी, एखाद्या शाळेंत एकटाच पडलेला शिक्षक, ज्यांच्या घरीं गवयास पाऊल टाकूं देणें अप्रशस्त मानीत अशा कुटुंबांतल्या मुली, या साऱ्यांना वर्गाशीं जोडणारा धागा कागदाचाच असणार. आज मध्यमवर्गीय घरांत पेटी किंवा तंबोरा दिसला तर कोणी भुंवया उंचावीत नाहीं. या बदलाचें मोल पलुसकरांच्या मैफलीच्या कीर्तीपेक्षां मला अधिक वाटतें.

या उद्योगाची किंमतहि त्यांना द्यावी लागली. १९०८ सालीं विद्यालय मुंबईंत आलें, स्वतःची इमारत झाली आणि शेवटीं कर्जापायीं ती इमारत गेली. पलुसकरांचा अंत २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेसच झाला.

स्वरलिपीवर त्या काळापासून जो आक्षेप आहे, तो खोटा नाहीं. ‘ग’ या अक्षरानें गांधार कळतो; पण दरबारींतला गांधार कसा झुलतो, हें कोणत्याहि चिन्हानें कळत नाहीं. त्यांतच आणखी एक विघ्न. पलुसकर आणि पंडित भातखंडे यांच्या लिप्या निरनिराळ्या. स्वरावरचें टिंब भातखंड्यांच्या लिपींत तार सप्तक दाखवितें, तर पलुसकरांच्या लिपींत तेंच टिंब मंद्र सप्तक दाखवितें. एका पुस्तकावर वाढलेल्या विद्यार्थ्यानें दुसरें उघडलें तर तळघरांत जावयाचें तो माडीवर चढावयाचा! ज्याच्या कानीं ती चीज आधींच पडली आहे, त्याला हें टिंब फसवीत नाहीं; ज्याची सारी भिस्त कागदावर, त्याचीच फसगत होते.

याच वेळीं मिरजेंत दुसरा एक स्वर घुमत होता. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं मिरजेस वास्तव्य केलें; १९३७ सालीं ते वारले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांना दफन करण्यांत आलें. त्यांनींहि पुण्यांत आर्य संगीत विद्यालय काढून शाळेचा मार्ग धरला होता. पण त्यांची गायकी दूरवर पोंचली ती ध्वनिमुद्रिकांनीं. कागद जें सांगूं शकत नाहीं, तें तबकडी तीन मिनिटांत सांगे. मात्र ‘असेंच कां?’ हा प्रश्न तबकडीला विचारतां येत नाहीं.

तो प्रश्न विचारण्याची जागा १९४७ सालीं निघाली. पलुसकरांच्या शिष्यांनीं १९३१ सालीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें होतें. त्या मंडळानें ‘संगीत कला विहार’ हें मासिक सुरू केलें आणि मिरजेंत जन्मलेले प्रोफेसर बी. आर. देवधर त्याचे संपादक झाले. देवधरांनीं ओळखलें कीं, चिजा छापणाऱ्या पुस्तकांची आतां वाण नाहीं. उणीव आहे ती गायकाच्या विचाराची. तो कसा शिकला, रियाज कसा करी, एकाच रागाविषयीं दोन घराण्यांचें मत कां पडत नाहीं, हें त्यांनीं गायकांना भेटून, ऐकून लिहिलें. या लेखांतूनच पुढें ‘थोर संगीतकार’ हें पुस्तक झालें. गवई आपली विद्या लपवितात, अशी सार्वत्रिक तक्रार असे. देवधरांजवळ ते मोकळेपणीं बोलले. ते स्वतः शिकणारे होते, हेंच त्याचें कारण असावें. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें माझ्या मतें हें मासिक ‘संगीतामृत प्रवाहा’च्या पुढचें पाऊल आहे: येथें कागद गाणें शिकवूं पाहत नाहीं, ऐकावें कसें तें शिकवितो.

पडद्यावरच्या वर्गांत अडचण पडते ती नेमकी कोठें, हेंहि यावरून उमगतें. आवाज क्षणभर मागें राहतो, त्यामुळें गुरुशिष्यांना एकसमयावच्छेदेंकरून गातां येत नाहीं; गुरूनें गावें, थांबावें, मग शिष्यानें गावें. गुरूच्या स्वरांत स्वर मिसळून तो पक्का करण्याची जुनी रीत तेथें बंदच पडते. अशा वेळीं विद्यार्थ्यानें त्या दिवशीं काय ऐकलें, कोठें अडलें, हें लिहून सोबत्यांपुढें ठेवलें, तर गाण्याची उणीव भरून निघत नाहीं, पण कान जागा राहतो. स्वर मात्र घरींच लागला पाहिजे. त्यासाठीं मिरजेच्या कारागिरांचा तंबोरा आहे. त्याला व सतारीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.

मंडळाच्या विशारद परीक्षेस आजहि लेखी उत्तरपत्रिका द्यावी लागते, आणि परीक्षकांसमोर बसून गावेंहि लागतें.