कानाशी आलेली मैफल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आई अंथरुणाला खिळली होती. दोन खोल्यांचे आमचे घर. दिवसभराची धावपळ संपली, की रात्री दहानंतरचा तासभर काय तो माझा. पण आईला नुकतीच झोप लागलेली असे. स्पीकर लावण्याची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक स्वस्तातला हेडफोन आणला आणि विलंबित ख्याल ऐकू लागलो. तबल्याचा डग्गा धमधम वाजे, पण तंबोरा कुठे ऐकूच येईना. मग आवाज थोडा वाढव, आणखी थोडा वाढव असे सुरू झाले. महिन्याभरात सकाळी उठल्यावर कानात बारीक शिटी वाजू लागली. कानाच्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, ‘‘गाणं सोडू नका, पण आवाज खाली आणा. एकदा गेलेले कान परत मिळत नाहीत.’’

पुढे भाच्याने परदेशातून एक चांगला हेडफोन आणून दिला. मोठ्या उत्साहाने तो फोनला जोडला, तर आवाज टोकाला नेला तरी गाणे आपले दबलेलेच. पैसे पाण्यात गेले असे वाटले. शेवटी एका इंजिनियर मित्राने मधे एक छोटी डबी जोडली. तो हेडफोनचा ॲम्प्लिफायर होता. बटण अर्ध्यावरही नव्हते आणि तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार कानाशी उभा राहिला. हेडफोन तोच, गाणे तेच. मग बदलले काय? या प्रश्नाचा माग काढताना मी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे गेलो. हेडफोन आणि ॲम्प्लिफायर कसे निवडावेत, याचे उत्तर त्या इतिहासातच सापडते.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. 1881 साली तिथे विजेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर पुढच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारा थेट प्रदर्शनापर्यंत नेल्या. श्रोत्याने दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावायचा. दोन कानांना दोन वेगवेगळ्या प्रेषकांचा आवाज मिळत असल्याने गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेला, तर तेही ऐकणाऱ्याला कळे. आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो, त्याचीच ही पहिली चुणूक. यातून 1890 मध्ये ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनी निघाली. सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून पाच मिनिटे ऑपेरा ऐकता येई आणि घरीही वर्गणी भरून जोडणी घेता येई. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त दम्याने बेजार असत. त्यांनी 1911 मध्ये ही जोडणी घेतली आणि वाग्नर, दब्युसी यांच्या ऑपेरा घरबसल्या ऐकल्या. ज्याला मैफलीला जाता येत नाही, त्याच्या कानाशी मैफल आणायची, हे या यंत्राचे पहिले काम. आजाऱ्याच्या खोलीशी त्याचे नाते असे जुने आहे.

पण या व्यवस्थेत एक उणीव होती. प्रेषकापासून कानापर्यंत आवाज वाढवणारे मधे काहीच नव्हते. तारेतून जी क्षीण वीज येई, तेवढ्यावरच रिसीव्हरचा पडदा हलायचा. त्यामुळे सगळी भिस्त रिसीव्हरच्या संवेदनशीलतेवर. ही अडचण अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी बरीचशी दूर केली. अत्यंत कमी विजेवर स्पष्ट बोलणारे रिसीव्हर त्यांनी बनवले आणि 1910 मध्ये अमेरिकी नौदलाकडे पाठवले. चाचणीत ते इतके सरस ठरले, की नौदलाने मागणी नोंदवली. गंमत म्हणजे बाल्डविन ते घराच्या स्वयंपाकघरात तयार करत; एका वेळी दहाच नग करता येतील, असे त्यांनी नौदलाला कळवले होते!

त्याच 1910 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ली डी फॉरेस्ट यांनी मेट्रोपॉलिटन ऑपेरातले गायन बिनतारी यंत्रणेने प्रक्षेपित केले. गाणाऱ्यांत थोर इटालियन गायक कारुझो होते. ऐकणारे मोजकेच, तेही कानाला रिसीव्हर लावून, आणि आवाज खरखरीत. पण याच डी फॉरेस्टनी 1906 मध्ये तीन अग्रांची निर्वात नळी शोधली होती. ती क्षीण विद्युतलहरी वाढवू शकते, हे 1912 च्या आसपास लोकांच्या नीट ध्यानात आले आणि ॲम्प्लिफायरचा जन्म झाला.

आपल्याकडे 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. प्रक्षेपकाची ताकद अवघी दीड किलोवॉट. त्या काळचा सर्वांत साधा रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी नको की वीज नको. एरियलने पकडलेल्या लहरींवरच तो चाले. अर्थात तो हेडफोनवरच ऐकावा लागे, कारण स्पीकर हलवण्याइतकी शक्ती त्यात नसे. घरात हेडफोनची एकच जोडी असली, तर गाणे एका वेळी एकालाच मिळणार. पुढे नळ्यांचे ॲम्प्लिफायर असलेले रेडिओ आले, स्पीकर आले आणि गाणे सगळ्या घराचे झाले. 1952 मध्ये आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शनिवारी रात्री रेडिओभोवती अख्खे कुटुंब बसे. हेडफोन मागे पडला. तो टेलिफोन ऑपरेटर, वैमानिक आणि ध्वनिमुद्रण करणारे यांच्यापुरता उरला.

तो संगीतासाठी पुन्हा कानावर चढला, त्याची कथाही मजेशीर आहे. स्पीकरसारखीच रचना, म्हणजे चुंबकात हलणारे वेटोळे, हेडफोनमध्ये आणण्याचे काम जर्मनीत बायर कंपनीने 1937 च्या ‘डीटी 48’ मध्ये केले होते. पण घरोघरच्या श्रोत्यांसाठी हेडफोन आणला तो अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी. 1958 मध्ये ते एका प्रदर्शनात नवा फोनोग्राफ घेऊन गेले. स्टीरिओ तबकड्या नुकत्याच बाजारात येत होत्या. त्या ऐकवण्यासाठी त्यांनी सोबत हेडफोन ठेवले. लोकांनी फोनोग्राफकडे पाठ फिरवली आणि हेडफोनभोवती गर्दी केली. दोन वर्षांनी जपानमध्ये स्टॅक्स कंपनीने स्थिरविद्युतावर चालणारा हेडफोन काढला. त्याचा पडदा अतिशय पातळ, आवाज कमालीचा बारकाईचा. पण त्याला शेकडो व्होल्ट पुरवणारा खास ॲम्प्लिफायरच लागतो.

1968 मध्ये जर्मनीच्या झेनहायझर कंपनीचा ‘एचडी 414’ आला. तोवरचे हेडफोन कान झाकून बंद डबीसारखे बसत. या हेडफोनची पाठ उघडी होती आणि कानावर फक्त स्पंजची गादी. त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता मोकळा वाटू लागला. त्याचा विद्युतरोध, म्हणजे इंपीडन्स, होता तब्बल 2000 ओहम. त्या काळच्या घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची वीज मधे एक रोधक घालून हेडफोनकडे वळवलेली असे. व्होल्टेज भरपूर असल्याने जास्त रोधाचे हेडफोन तिथे सुखाने चालत.

मग 1979 मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि गणित उलटले. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात ऑपेरा ऐकायला आवडे. त्यासाठी लहान यंत्र हवे, या त्यांच्या हट्टातून वॉकमन घडला. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती, म्हणजे दोघांना मिळून ऐकता यावे. एकट्याने ऐकणे तेव्हा बनवणाऱ्यांनाही जरा चमत्कारिक वाटत असावे! पण दोन छोट्या बॅटऱ्यांतून मोठे व्होल्टेज कुठून आणणार? म्हणून त्याच्यासोबतचे हेडफोन हलके आणि कमी रोधाचे होते. तेव्हापासून हेडफोनची दोन कुळे शेजारी शेजारी नांदत आहेत: एक खिशातल्या यंत्रासाठी, दुसरे टेबलावरच्या ॲम्प्लिफायरसाठी. माझ्या भाच्याने दुसऱ्या कुळातला हेडफोन आणला होता आणि मी तो पहिल्या कुळातल्या यंत्राला जोडला होता. चूक एवढीच होती.

आता थोडे आकडे पाहू. दहा डेसिबल आवाज वाढवायचा तर दहापट शक्ती लागते, वीस डेसिबलला शंभरपट. अभिजात संगीतात, मग तो वाद्यवृंद असो की ख्याल, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर फार असते. आपण सरासरी बेताच्या आवाजात ऐकत असलो, तरी तारसप्तकातली एखादी पुकार किंवा वाद्यवृंदाचा कळस क्षणभर वीस-पंचवीस डेसिबल वर जातो. त्या क्षणासाठी शक्ती शिल्लक हवी. नाहीतर आवाज फाटतो.

समजा, एक हेडफोन 300 ओहमचा आहे आणि एक मिलिवॉट शक्तीला 97 डेसिबल आवाज देतो. वरचे कळस 107 डेसिबलपर्यंत जाऊ द्यायचे, तर दहा मिलिवॉट लागतील आणि त्यासाठी सुमारे पावणेदोन व्होल्ट. अनेक फोन अर्धा ते एक व्होल्टच देतात. तेवढ्याच संवेदनशीलतेचा 32 ओहमचा हेडफोन असेल, तर तेच काम सुमारे 0.57 व्होल्टमध्ये होते. म्हणूनच खोक्यावरचे दोन आकडे आधी पाहावेत: ओहम आणि संवेदनशीलता. नुसते ओहम पाहून भागत नाही. काही हेडफोन कमी ओहमचे असूनही संवेदनशीलता कमी असल्याने भरपूर वीज मागतात.

ॲम्प्लिफायरचाही स्वतःचा रोध असतो. तो हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो जास्त असला, तर काही हेडफोनचा स्वभावच बदलतो. खर्ज फुगतो, बारकावे बुजतात. काही नळ्यांच्या ॲम्प्लिफायरला 32 ओहमचा हेडफोन जोडल्यावर असे होते, 300 ओहमचा त्यावरच छान वाजतो. बिनतारी हेडफोनमध्ये ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो. तिथे ही जुळणी कारखान्यातच झालेली असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी हेडफोन निवडावा, मग त्याला पुरेल एवढाच ॲम्प्लिफायर. घर शांत असेल, तर उघड्या पाठीचा हेडफोन घ्यावा, कारण मैफलीचा मोकळेपणा त्यात जास्त. शेजारी कोणी झोपलेले असेल, तर बंद पाठीचा. उघड्या पाठीतून आवाज बाहेर येतो. दुकानात जाताना आपल्या चांगल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण न्यावे. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला सरस वाटतो. आणि परीक्षा मोठ्या आवाजात नव्हे, हळू आवाजात घ्यावी. तंबोरा सलग ऐकू येतो का? गायकाने घेतलेला श्वास कळतो का? व्हायोलिनचा शेवटचा स्वर विरताना कुठवर सोबत करतो? एवढे जमले, तर तो हेडफोन आपला.

जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादाही लक्षात ठेवावी. प्रौढ माणसाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ॲम्प्लिफायर घ्यायचा तो आवाज वाढवण्यासाठी नव्हे, हळू आवाजातही काही हरवू नये म्हणून घ्यायचा.

आई गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. रात्री स्पीकर लावायला आता कुणाची अडचण नाही. तरी दहा वाजले, की हात त्या हेडफोनकडेच जातो. डबीचे बटण तेव्हा जिथे ठेवले होते, तिथेच आहे. ते मी अजून पुढे सरकवलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)